चावीच्या खुणेची बिस्किटं

गणेशचवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिपालीने दारात येऊन बशी पुढे केली, तेव्हा कमलाक्षीबाईंनी ती घेतली, रुमालाचं टोक उचलून आत बघितलं आणि हसल्या. खालच्या मजल्यावरच्या दिपालीच्या घरी यंदा नवी सून. म्हणजे पहिल्या चवथीला सुनेच्या माहेरून वजें येणार, करंड्या भरभरून गोडधोड येणार, आणि ते शेजारीपाजारी वाटलं जाणार हे ठरलेलंच. "बाई, सुनेच्या कुळारसून वजें आयलां," दिपाली म्हणाली, "बशी मागीर व्हरतां, तुमी सावकाश खायात." ती घाईत होती, बशी नंतर न्यायला येणार होती, अजून वरच्या चार फ्लॅटमध्ये वाटायचं होतं. बाईंनी दार लावलं आणि बशीवरचा रुमाल पुन्हा उचलला. दोन नेवऱ्या, एक लाडू, खाज्याचे तुकडे, आणि कडेला चार बदामाची बिस्किटं. बदामी रंगाची, मधोमध किंचित फुगलेली, वर भेगा. आणि प्रत्येकावर मधोमध दाबलेली चावीच्या मुठीची खूण.

बाई बशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. एकसष्टाव्या वर्षी माणसाने बिस्किटाला घाबरू नये, असं त्यांना स्वतःला सांगावंसं वाटलं. सदतीस वर्षं त्यांनी मराठी शाळेतल्या पोरांना दटावलं होतं, तेव्हा दटावणं जमण्यासारखं होतं. पण ऐकणारं दुसरं कोणी घरात नसलं की दटावण्याचाही जोर लागत नाही. त्यांनी बशी टेबलावर ठेवली, चष्मा आणला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. बिस्किटांवर काट्याची रेघ ओढतात, बदामाची पाकळी बसवतात, हल्ली साचेही मिळतात. चावी दाबणारं घर त्यांना एकच माहीत होतं, आणि त्या घरात या घडीला त्या एकट्याच उभ्या होत्या.

ही खूण त्यांच्या आईची. पेडण्याला लहानपणी कोणाच्याच घरात भट्टी नव्हती. बिस्किटं करायची म्हणजे पीठ घरी मळायचं, गोळे बांदेजीत मांडायचे आणि ती पत्र्याची बांदेज डोक्यावर घेऊन पोदेराकडे जायचं. पोदेराची पावांची भट्टी संध्याकाळी निवत आली की तो तिच्या उरलेल्या उबेत वाड्यावरच्या सगळ्यांच्या बांदेजी आत सारायचा. दहा घरांची बिस्किटं एका भट्टीत, तेव्हा ओळखायची कशी, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण. कोणी फणीचे दात टेकवायचं, कोणी बटण, कोणी शिवताना बोटात घालायची टोपी. कमलाक्षीच्या आईची खूण ट्रंकेच्या चावीची, तिच्या मुठीच्या वाटोळ्या कडीची. एकदा बांदेजींची अदलाबदल झाली आणि बटणवाल्यांची बिस्किटं यांच्या घरी आली, तर आईने एकाही पोराला हात लावू दिला नाही. दुसऱ्याच्या घरची खूण आहे, म्हणाली, आणि फणफणत परत पाठवली. पोरं रडली. पोदेर गेला, भट्टी गेली, डिचोलीच्या या फ्लॅटमध्ये विजेची भट्टी आली, तिच्यात दुसऱ्या कोणाचं बिस्कीट शिरण्याची काही सोय नव्हती. तरी बाई चावी दाबत राहिल्या. सवय म्हणा, हट्ट म्हणा.

आणि त्यांनी ती एकाच मुलीला शिकवली. गौरवी, धाकट्या भावाची, सुदेशची पोर. पाच वर्षांची असताना तिची आई गेली, आणि सुदेश तिला हाताला धरून इथे सोडून गेला, महिनाभरासाठी म्हणून. महिन्याची एकोणीस वर्षं झाली. सुदेशने पेडण्याला दुसरं लग्न केलं, त्याला मुलं झाली, पोर आत्तेकडेच राहिली. पहिले पंधरा दिवस ती जेवताना, झोपताना, कधीच एक शब्द बोलली नव्हती. मग एका रविवारी बाई बदाम गरम पाण्यात घालून सोलत होत्या. भिजलेला बदाम चिमटीत धरून दाबला की सालीतून सुळकन निसटतो, तसा एक निसटून कपाटाखाली गेला, आणि ही पोर पोटावर आडवी होऊन तो काढायला गेली. काढला, फुंकला, परत दिला. मग तासभर दोघी बदाम सोलत बसल्या. चावी दाबायला दिली तेव्हा तिने पहिली सहा बिस्किटं आरपार दाबून फोडली. "हळू गो," बाई म्हणाल्या, आणि पोर म्हणाली, "आते, म्हजो हात धर." बाईंनी तिचा हात धरला होता. आत्ता, छप्पन्न किलोच्या, गुडघे दुखणाऱ्या, निवृत्त बाईंना तो लहान, पिठाने चिकट झालेला हात आपल्या मुठीत चक्क जाणवला आणि त्यांनी मूठ उघडली.

त्यांनी कपाटातून ट्रंकेची चावी काढून बिस्किटावर ठेवून बघितली. खूण जुळेना. ट्रंकेच्या चावीची कडी वाटोळी, आणि ही खूण पसरट, चौकोनी, वर लहान भोक असलेली. बाईंना क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाच राग आला. कोणीतरी कुठल्या तरी चावीने दाबली असेल, जगात चाव्या काय कमी आहेत? पण चारही बिस्किटांवर चौकोनाचा डावा कोपरा तुटका होता. एकावर तुटला असता तर समजण्यासारखं होतं. त्यांनी चारही बिस्किटं रांगेत मांडली, पोरांच्या वह्या मांडतात तशी, आणि तोच तोच तुटका कोपरा बघत राहिल्या.

वरच्या मजल्यावर कोणीतरी पाट सरकवला. त्यांच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये बांधकामावरचे चार पुरुष भाड्याने राहत, बेळगावकडचे. इमारतीतली सगळी दारं एकाच रंगाची, एकाच सुताराने केलेली, त्यामुळे ते दमून आले की एक मजला कमी चढत आणि बाईंच्या दाराला चावी लावून खुडबुडत. आधी बाई दचकायच्या. मग पलंगावर पडल्या पडल्याच ओरडायला शिकल्या, "हे घर नव्हे. वर जा." शुद्ध मराठीत, शाळेच्या आवाजात. घरी त्या कोंकणी बोलत. पण बाहेरच्याला बाहेरची भाषा. एकदा तर एका शहाण्याला वर जा म्हणून सांगितलं तर तो चक्क खाली निघून गेला होता, हे त्यांनी दिपालीला हसून हसून सांगितलं होतं. दोघी हसल्या होत्या.

बाईंच्या घरात एकेकाळी लॅचच्या दोन चाव्या होत्या. पोर सहावीत गेली तेव्हा त्यांनी दुसरी तिला दिली आणि आपली-तुझी कळावी म्हणून तिच्या चावीचा डावा कोपरा कानशीने घासून काढला. काळोखातही बोटाला कळेल, म्हणाल्या. पोर ती गळ्यात दोरीने घालायची, मग दप्तरात, मग म्हापशाला नोकरीला लागल्यावर पर्समध्ये. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पीठ मळता मळता तिने सांगितलं, तिला विनायकशी लग्न करायचं आहे. चंदगडचा मुलगा, पेडण्याजवळच्या तुयेंच्या कारखान्यात कामाला. बाईंना त्या मुलाचं तोंडही माहीत नव्हतं. त्यांनी काय काय म्हटलं ते सगळं त्यांना आठवत होतं, विसरायला सोपं असं त्यात काही नव्हतं. कुठले कोण, खोलीत चारचार राहणारे लोक, हे म्हटलं. तुझ्या आईला हे बघवलं असतं का, हेही म्हटलं. तेव्हा गौरवी हात धुवून आली, पुसले, आणि शांतपणे म्हणाली, "आई आसती जाल्यार हांव हांगा नासतें." आई असती तर मी इथे नसते. खरंच होतं. खरं होतं म्हणून बाईंना ते सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती एक बॅग घेऊन पेडण्याला बापाकडे गेली. आठव्या दिवशी बाईंनी चावीवाल्याला बोलावून लॅच बदलून घेतलं. विचारणाऱ्याला सांगितलं, पावसात अडकत होतं. पाऊस केव्हाच संपला होता, मार्गशीर्ष चालू होता, पण कोणी कशाला हिशेब लावील. पुढे सुदेशने फोनवर कळवलं की ती लग्न करून मोकळी झाली, पेडण्यातच कुठेशी राहते. मग बहीणभावात तिचं नाव निघायचं थांबलं, आणि बाईंनी चवथीला पेडण्याला जाणंही सोडलं. गणपती मूळ घरी, त्याच्यावरची फळाफुलांची माटोळी बांधायला त्यांचा हात लागायचा, पण तिथे जो तो विचारणार, पोर खंय?

त्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला. त्यात जुनं लॅच होतं, सुताच्या फडक्यात गुंडाळलेलं, स्क्रू वेगळ्या पुडीत, आणि त्यांची स्वतःची जुनी चावी. वस्तू टाकायची नाही ही शिस्त. चावी पसरट, चौकोनी, वर लहान भोक. चारही कोपरे शाबूत. बाईंनी ती बिस्किटावर ठेवली नाही. ठेवायची गरज नव्हती, किंवा ठेवायचं धैर्य नव्हतं. त्याऐवजी त्यांनी पाणी गरम करायला ठेवलं आणि बदामांची बरणी काढली. शेजाऱ्याची बशी रिकामी परत द्यायची नसते, हे कारण स्वतःला सांगायला पुरेसं होतं.

बदाम भिजले, सोलले, पंचावर पसरून कोरडे केले. मिक्सरमध्ये भरडच काढले, पीठ होऊ दिलं नाही. तूप आणि साखर तळहाताने फेसता फेसता पांढरं होत आलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की तीन वर्षांत हे आपण एकदाही केलेलं नाही. एकट्यासाठी कोण भट्टी तापवणार? चारशे ग्रॅम मैदा, मूठभर रवा, लिंबाची किसलेली साल. पीठ हाताखाली जुळून आलं तसा लिंबाचा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला, आणि त्या वासात कोणीच आत आलं नाही, कोणी "झालीं?" म्हणून विचारलं नाही. बाईंना फार एकटं वाटलं. एवढं एकटं त्यांना रोज वाटत असणार, फक्त रोज त्याच्याकडे बघायला सवड नसायची. त्यांनी गोळे मांडले. जुनी चावी मैद्यात बुडवून, झटकून, एकेकावर टेकवली. हळू. भट्टीच्या काचेतून त्या वाकून बघत राहिल्या, बिस्किटं फुगली, वरून तडकली, आणि खूण पसरून पक्की झाली. बाहेर काढून त्यांनी एक गरम बिस्कीट वज्याच्या बिस्किटाशेजारी ठेवलं. एकाचा कोपरा शाबूत, एकाचा घासलेला. तो कोपरा त्यांनी स्वतःच्या हाताने घासला होता. आता म्हणायला काही जागाच उरली नाही.

संध्याकाळी त्या बशीत आठ बिस्किटं घेऊन खाली गेल्या. दिपाली आरतीच्या तयारीत होती, सून सेजल दारात आली. बावीस-तेवीसची, हातात अजून हिरवा चुडा. तिने बशी घेतली आणि डोळे मोठे केले. "तुमीय चावी मारतात?" आणि मग ती आपल्याच कौतुकात सांगत सुटली. पेडण्याच्या माहेरून आलेल्या वज्यातली ती बिस्किटं तिच्या आईने शेजारच्या एका बाईकडून करून घेतली होती. भाड्याने राहते, घरीच करते, घोव चंदगडचा, दोघंही स्वभावाने गरीब. बाईंनी विचारलं, कशी आहे ती? बरी आहे, सेजल म्हणाली, सहावा महिना चालू आहे, तरी उभी राहून करते. मग तिने आवाज थोडा खाली आणला, गोष्ट सांगतात तसा. "हांवें विचारिल्लें तिका, ही कसली चावी म्हण. म्हणपाक लागली, म्हजे आतेच्या घराची. लग्ना आदीं एक फावट वचून लावन पळयली, लागली ना. भितरल्यान कोणें सांगलें, हें घर न्हय, वयर वच. ती तशीच देंवन आयली."

सेजल अजूनही काहीतरी सांगत होती. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांना पाण्याखालून ऐकावं तसं ऐकू येत होतं. पोर लग्नाआधी एकदा येऊन चावी लावून बघून गेली होती, आणि ती दुपार त्यांना स्पष्ट आठवली. चावी दोनदा खुडबुडायची सोडून तीनदा खुडबुडली होती. तिसऱ्यांदा फार हळू. मग त्या ओरडल्या. मग बाहेर जरा वेळ काहीच नाही, आणि मग पावलं, वर न जाता खाली गेलेली. त्या कूस बदलून हसल्या होत्या. मराठीत सांगितलं होतं त्यांनी, शुद्ध मराठीत, परक्याला सांगतात तसं. एकोणीस वर्षं ज्या पोरीशी कोंकणीखेरीज शब्द बोलल्या नाहीत, तिला. तिने तो आवाज ओळखला नसेल असं होणारच नव्हतं. ती आवाज ओळखून गेली होती. बाईंनी भिंतीला हात लावला. सेजलने बसा म्हटलं, पाणी आणू का म्हटलं. त्या नको म्हणाल्या आणि जिना चढून आल्या, एक एक पायरी मोजत.

सकाळी त्यांनी चावीवाल्याला फोन केला. चवथीचे दिवस, तो गावी गेलेला, अनंतचतुर्दशीनंतर येतो म्हणाला. एवढे दिवस थांबायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी पेचकस घेतला आणि खुर्ची दाराशी ओढून नवं लॅच उपसायला बसल्या. चार स्क्रू निघायला दीड तास लागला, तळहाताला फोड आला. जुनं लॅच बसवताना एक स्क्रू तिरका गेला तो तसाच ठेवला. मग ते चालतं की नाही बघायला बाहेरून चावी लावून बघणं भाग होतं. म्हणून त्या बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं, आणि गौरवी उभी होती तिथे उभ्या राहिल्या. कधी उभ्या राहिल्याच नव्हत्या अशा, बंद दाराकडे तोंड करून, आत आपणच असल्यासारख्या. आत पंखा चालू राहिला होता. त्याची ती जुनी कुरकुर, एका फेऱ्याला एक, दाराबाहेर स्पष्ट ऐकू येत होती. पंखा एवढा ऐकू येत असेल तर माणसाचं ओरडणं कसं ऐकू आलं असेल. बाई कितीतरी वेळ तिथे उभ्या राहून पंखा ऐकत होत्या, आणि रडत होत्या, जिन्यावर कोणीही आलं असतं तरी त्यांना त्याची फिकीर नव्हती. मग त्यांनी चावी लावली. अर्ध्यावर अडली, थोडी मागे घेऊन पुन्हा फिरवली, आणि दार उघडलं.

पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर सेजल माहेरी जायला निघाली, तेव्हा बाई खाली गेल्या. पुठ्ठ्याच्या पेटीत बिस्किटं घातली होती, शाबूत कोपऱ्याची. सोबत चिठ्ठी लिहिली होती, ती फाडली, दुसरी लिहिली, तीही फाडली. सदतीस वर्षं निबंध तपासलेल्या हाताला चार ओळी सुचू नयेत. त्यांनी सेजलला पोरीचं नाव सांगितलं, नातं सांगितलं. सेजलचा चेहरा उतरला. आपण कोणाला काय सांगून बसलो ते तिला तेव्हा कळलं, आणि ती काही बोलणार तोच बाईंनी तिच्या हातावर पेटी ठेवली.

"तिका सांग," त्या म्हणाल्या, "ती चावी आनीक एक फावट लावन पळय म्हण. इतलेंच सांग."

त्यानंतर बाई दुपारी पलंगावर आडव्या झाल्या नाहीत. दाराजवळच्या खुर्चीत बसत, पेपर उघडून, न वाचता. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सेजल परत आली की नाही हे विचारायला खाली जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. विचारलं की उत्तर येतं. तिसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला दाराला चावी खुडबुडली. त्यांच्या ओठांवर सवयीने ते शब्द आले, आणि त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. चावी पुन्हा खुडबुडली. दोनदा. त्या उठल्या, गुडघ्यातून कळ आली, आणि त्यांनी दार उघडलं.

वरचा अशोक होता. अंगभर सिमेंट, हातात चावी, चेहऱ्यावर खजील हसू. बाईंना बघून त्याने आपणहून कान धरला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "हे घर नव्हे, वर जा. चुकलंच की हो बाई, परत." आणि वळला. त्यांचंच वाक्य, त्यांच्याच चालीत. किती जणांना पाठ झालं असेल कोण जाणे. बाई म्हणाल्या, थांब. तो घाबरला, तक्रार करतात की काय म्हणून. त्यांनी त्याला आत बोलावलं. पाय मळलेत, तो म्हणाला. असू देत, त्या म्हणाल्या. पण तो उंबऱ्याच्या आत आला नाही, तेव्हा त्यांनी बशी तिथेच आणून दिली. त्याने एक बिस्कीट घेतलं, उलटंसुलटं केलं.

"ह्यावर हे काय छापलंय बाई?"

"घराची चावी," त्या म्हणाल्या. त्याने मान डोलावली आणि अर्धं बिस्कीट एका घासात तोडलं. बाई त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होत्या. खालून कोणीतरी चढत होतं, हळू, मधे मधे थांबून, जड माणूस चढतं तसं. दिपाली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. दिपालीला दम लागतो. पावलं दिपालीच्या, पहिल्या मजल्यावर थांबली. तिथलं दार उघडल्याचा आवाज काही आला नाही. अशोक दुसरं बिस्कीट घेऊ का म्हणून विचारत होता, आणि बाई त्याला हाताने गप्प राहायची खूण करून ऐकत उभ्या राहिल्या.